उघाडीला मोटर नसते

मुलांना अभियांत्रिकीकडे वळवायचे असेल तर त्यांना काहीतरी झगझगीत दाखवावे, ही समजूत आज इतकी सर्वमान्य आहे की तिला कोणी प्रश्नच विचारत नाही. शाळेच्या मैदानावर ड्रोन उडतो, मंडपात रोबो हात हलवतो, कारखान्यातून आलेला पाहुणा टोप्या आणि पेने वाटतो, मुले टाळ्या वाजवतात, आणि विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजल्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. मुलांना आवड नाही, ती निर्माण करायची आहे, असे गृहीत धरून हा सगळा खटाटोप चाललेला असतो. मला हे गृहीतकच उथळ वाटते.

माझा दावा असा आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुलांना अभियांत्रिकीची आवड कमी नाही. त्यांना अभियांत्रिकी दिसत नाही, कारण विज्ञान प्रदर्शनात वस्तू मांडली जाते आणि त्या वस्तूमागचा निर्णय झाकलेला राहतो. एवढ्या पैशात, या चिखलात, या उधाणाला तोंड देत आम्ही हे केले, ते सोडून दिले, आणि त्याची ही किंमत मोजली, असे सांगता येणे म्हणजे अभियांत्रिकी. ते सांगण्याची सवय प्रदर्शनाने लावली नाही, तर मंडप कितीही मोठा घाला, त्यातून प्रेक्षकच तयार होतील.

१. आवडीचा दुष्काळ कुठे आहे?

हा किनारा काही यंत्रांपासून लांब राहिलेला प्रदेश नाही. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच वर्षी लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली. थळला खताचा कारखाना आहे, उरणला तेल आणि वायूचे प्रकल्प आहेत, नागोठण्याला पेट्रोरसायने, डोलवीला पोलाद. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. पेण, अलिबाग, उरण तालुक्यांत अशी गावे थोडीच असतील, जिथला एखादा फिटर, वेल्डर किंवा ऑपरेटर पाळीला जात नाही. मुलगा इंजिनिअर व्हावा ही इथल्या आईबापांची इच्छा जुनी आहे, आणि ती पुरी करण्यासाठी जमीन विकणारेही आहेत.

म्हणजे इच्छा आहे, पदवीबद्दल आदर आहे, यंत्रांची ओळखही आहे. कमी आहे ते वेगळेच. घरातला माणूस तीस वर्षे ज्या पंपावर काम करतो, तो पंप तिथेच का बसवला, त्याच आकाराचा का घेतला आणि सारखा त्याच जागी का गळतो, ही गोष्ट घरापर्यंत कधी पोहोचतच नाही. कारखाना मुलाला कुंपणाबाहेरून दिसतो. प्रदर्शनात त्याच कारखान्याचे मॉडेल येते, तेव्हाही ते काचेच्या पेटीतून येते. कुंपण जाऊन काच आली, एवढाच फरक.

कंपन्यांना दोष देण्याचा हेतू नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्यात आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो. पैसा आहे, तो शाळांपर्यंत येतोही. पण आजार 'आवड नाही' असा ठरवल्यामुळे औषध म्हणून आवड वाढवणाऱ्या वस्तूच विकत घेतल्या जातात.

२. विज्ञानाच्या मांडवात अभियांत्रिकीचा पाहुणा

गोंधळाचे दुसरे मूळ प्रदर्शनाच्या रचनेतच आहे. एनसीईआरटीचे पहिले राष्ट्रीय बालविज्ञान प्रदर्शन १९७१ साली भरले. तालुका, जिल्हा, राज्य ही आजची उतरंड त्याच परंपरेतली आहे. तिचा मूळ उद्देश विज्ञान शिकवण्याचा, म्हणजे तत्त्व समजले की नाही हे पाहण्याचा होता, आणि त्या उद्देशाला ती रचना साजेशीच आहे. पास्कलचा नियम समजला, सिरिंज आणि नळ्यांचा जेसीबी हलला, तत्त्व सिद्ध झाले, गुण मिळाले. यात गैर काही नाही.

मात्र अभियांत्रिकी जिथे सुरू होते तिथे हे प्रदर्शन संपते. टेबलावर एकदा चालले, हा विज्ञानाच्या दृष्टीने पुरावा असू शकतो. अभियंत्याच्या दृष्टीने ती फक्त पहिली पायरी. हजार वेळा हलवल्यावर नळी कुठे फाटते? मिठाच्या हवेत सहा महिने ठेवल्यावर काय उरते? बिघडले तर दुरुस्तीला माणूस गावात मिळतो की पनवेलहून बोलवावा लागतो? अर्ध्या किमतीत करायचे असेल तर काय गाळाल? हे प्रश्न विचारायला परीक्षकाकडे वेळ नसतो. निकषांच्या यादीत मुलांच्या स्वतःच्या कल्पना, सर्जनशीलता, शास्त्रीय तत्त्व, कारागिरी, उपयुक्तता, कमी खर्च, सादरीकरण हे सगळे येते. आपले मॉडेल कुठे मोडले हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलीला मात्र त्यातून गुण मिळवून देणे अवघड असते. उलट मॉडेल मोडू नये म्हणून ती ते वापरतच नाही, परीक्षक आले की फक्त एकदा बटण दाबते. चाचणी टाळणे हीच यशाची रीत होऊन बसते.

१९९३ पासून चालत आलेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद या बाबतीत पुष्कळ पुढची. तिथे मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करायचा असतो. पण तिचे फलित म्हणजे अहवाल, आणि अहवालात प्रश्न मांडून झाला की काम झाले असे वाटते. 'मग काय करायचे, आणि का तेच?' हा पुढचा टप्पा दोन्हीकडून निसटतो.

३. उघाडी नावाचे यंत्र

निर्णय मांडायचा म्हणजे काय, हे दाखवायला या किनाऱ्यावर खारेपाटाइतके चांगले उदाहरण नाही. खाडीलगतची खाजणे बांध घालून समुद्रापासून सोडवायची आणि आत भात पिकवायचे, हे काम इथे पिढ्यानपिढ्या चालू आहे. बाहेरचा बांध तो बाहेरकाठा. त्यात ठिकठिकाणी पाणी सोडण्याची दारे असतात, ती उघाडी. दाराची झडप खाडीच्या बाजूला वरून टांगलेली असते. भरती चढली की बाहेरचे पाणी झडप दाबून धरते आणि दार मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडते. मोटर नाही, सेन्सर नाही, माणूसही लागत नाही. उघडायचे कधी आणि मिटायचे कधी, हे पाणीच ठरवते.

नववीतल्या मुलाला दाब म्हणजे काय ते माहीत असते. त्याने हिशोब करावा. झडपेमागे एक मीटर पाणी उभे असेल, तर एक मीटर रुंदीच्या झडपेवर सुमारे अर्धा टन बळ येते. पाणी दोन मीटर झाले की बळ दुप्पट होत नाही, चौपट होते: दोन टन. म्हणजे दार उंच केले तर पाणी लवकर निघेल हे खरे, पण लाकूड, बिजागरी आणि दोन्ही बाजूंचे बांधकाम कितीतरी पटीने भक्कम लागेल. एक मोठे दार बरे की तीन लहान? लहान दारात गवत आणि ओंडके अडकतात, मोठे दार मोडले तर सगळे शेत खारे होते. उत्तर पुस्तकात नाही.

भरती-ओहोटीचा खेळ आणखी अवघड. दिवसाला दोनदा भरती, आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते, म्हणून लोक उधाणाला भितात. पण त्याच दिवसांत ओहोटीही खोल जाते, त्यामुळे उघाडी चांगली वाहते. भांगाला भरती नरम असते, बांधाला धोका कमी, पण ओहोटीही पुरेशी उतरत नाही आणि आतले पाणी तुंबते. बांधाला जे दिवस वाईट ते निचऱ्याला बरे, आणि उलट. जुलैच्या मुसळधार पावसात आतली पातळी किती चढेल आणि दार उघडे राहण्याचे तास किती मिळतील, याचा मेळ घालणे हा खरोखरीचा अभियांत्रिकी प्रश्न आहे. त्याला भरतीचे कोष्टक, एक मोजपट्टी आणि चौरसाची वही पुरते.

आता प्रदर्शनातली नेहमीची कल्पना इथे लावून पाहा: 'स्वयंचलित स्मार्ट बांध'. पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर, अर्डुइनो हे छोटे नियंत्रक सर्किट, दार हलवणारी मोटर. टेबलावर ते देखणे दिसेल, जिल्ह्याला निवडही होईल. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. दाराची सर्वात जास्त गरज त्या दिवसांत, आणि मोटर बंद पडण्याची सर्वात जास्त शक्यताही त्याच दिवसांत. ही अडचण एकदा ध्यानात आली की मोटर नसणे हा मागासलेपणा उरत नाही, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. त्यांनी १९०३ साली खडकवासल्याला बसवलेले स्वयंचलित दरवाजेही पाण्याच्याच बळावर हलत. उघाडीची रचना वेगळी, काम वेगळे, पण पाण्याकडून काम करून घेण्याची बुद्धी त्याच जातकुळीची. फोटोला हार घालताना हा धागा मुलांना कोणी दाखवत नाही.

उघाडी निर्दोष आहे असे मात्र नाही. झडपेत ओंडका अडकला की ती अर्धवट उघडी राहते आणि खारे पाणी आत शिरते. लाकूड कुजते. खेकड्यांच्या बिळांतून पाझर सुरू होतो आणि एका रात्रीत खांड पडते. एकदा खारे पाणी शेतात फिरले की पुढचे काही हंगाम भात येत नाही. बांध सोडून दिला तर तिथे कांदळवन वाढते. ते लाटा अडवते म्हणून हवेच असते, कायद्याने संरक्षितही असते, पण ज्याची जमीन त्याखाली गेली त्या शेतकऱ्याचे काय? एकाच चिखलात दाबाचा नियम, गंजणे-कुजणे, जीवशास्त्र, कायदा आणि पैसा एकत्र येतात. अभियांत्रिकी नेहमी अशीच येते, विषयवार तासिका पाडून येत नाही.

४. त्याच समुद्राला दोन उत्तरे

निर्णय दाखवण्याची ही पद्धत फक्त शेतापुरती नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आजच्या बंदरांतले दगडांचे किंवा टेट्रापॉडचे लाटरोधक बांध याच तत्त्वावर चालतात. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाला मात्र चुना भरपूर वापरलेला आहे, आणि तो असा टिकला की मधले दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून खोल गेले तरी चुन्याच्या ओळी तशाच उभ्या आहेत. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, एकाच समुद्राला दिलेली ही दोन वेगळी उत्तरे. सहलीत मुले दोन्ही किल्ल्यांवर जातात आणि इतिहासाच्या तारखा घेऊन परततात. कोणता तट जास्त टिकला, कशाच्या जोरावर आणि कशाच्या बदल्यात, हा प्रश्न त्यांच्या वहीत नसतो.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचेही तेच. मुंबईत विजेवर धावणाऱ्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा तिथल्याच, मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे त्या विद्युतप्रवाहांनी बिघडणार हे उघड झाले. अधिक महागडे उपकरण घेऊन तो प्रश्न सुटणार नव्हता. म्हणून जागाच बदलली. १९०४ साली अलिबागला, चुंबकीय नसलेले सामान वापरून नवी वेधशाळा उभारली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींची साखळी तुटू नये. या दोन वर्षांच्या दुहेरी कष्टांत अभियंत्याची सावधगिरी जितकी दिसते तितकी दहा रोबोंत दिसणार नाही.

अपयशाचे उदाहरणही हाताशी आहे, आणि ते टाळण्याची आपली सवय मला सर्वात जास्त खटकते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसही. प्रदर्शनात आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल दर वर्षी असतात. त्यांच्यावर वजने ठेवतात, जास्त वजन पेलणारा जिंकतो. पण नद्यांवरचे पूल पडतात ते वरच्या वजनाने क्वचितच. पुराचे पाणी पायाखालची माती खरवडून नेते, हे त्याचे जगभर सर्वाधिक आढळणारे कारण आहे. काड्यांचा पूल वाळूच्या ट्रेमध्ये उभा करून त्यातून पाणी सोडले, तर हे दहा मिनिटांत दिसते.

५. आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो सहज उडवून लावता येणार नाही. शहरातल्या मुलांना रोबो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि खारेपाटातल्या मुलांना चिखल आणि बांध? आगरी, कोळी, आदिवासी मुलांना त्यांच्या बापजाद्यांच्या कामालाच पुन्हा जुंपण्याचा हा सुधारलेला मार्ग नव्हे काय? 'स्थानिक ज्ञाना'चे गोडवे गाणाऱ्यांची मुले बहुधा इंग्रजी शाळेत असतात, ही बोचही खरी आहे.

याचे उत्तर इथल्याच इतिहासात आहे. बांध घालणारी, खांड बुजवणारी कुळे जमिनीची मालक नव्हती. १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चाललेल्या चरीच्या शेतकरी संपात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला, आणि बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भांडण पिकाच्या वाट्याचे आणि हक्काचे होते. पण त्याच्या पोटात आणखी एक अन्याय होता: ज्याला बांध कळतो त्याचे कळणे हिशोबात धरले जात नाही. ते कळणे मोजमापाच्या, आलेखाच्या, खर्चपत्रकाच्या भाषेत मांडता आले, तर मुलगी त्याच चिखलातून बाहेर पडून बंदरांच्या रचनेपर्यंत जाऊ शकते. तिला बांधावर बसवून ठेवायचे नाही, बांधावरून मोजायला शिकवायचे आहे. उलट तयार किट जोडायला शिकलेले मूल दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाचे फक्त स्क्रू आवळते. बापजाद्यांचीच मजुरी, नव्या वेष्टनात.

दुसरा आक्षेप असा की तंत्रज्ञान बदलले आहे, आणि अर्डुइनोला नाके मुरडणे म्हणजे मुलांना मागे ठेवणे. मी अर्डुइनोच्या विरोधात नाही. झडप अडकून अर्धवट उघडी राहिली हे रात्री कोणालाच कळत नाही. तिथे एक साधा स्विच आणि मोबाइलवर संदेश पाठवणारा पाचशे-हजाराचा भाग बसवला तर त्याचा खरा उपयोग आहे, आणि तो बंद पडला तरी दार आपले काम करत राहते. हा फरक ओळखता येणे हेच शिक्षण. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. प्रयोगशाळेत थ्री-डी प्रिंटर येतो, पण कोणत्या प्रश्नासाठी, हे प्रिंटरबरोबर येत नाही.

शिक्षकांना वेळ नाही, हा तिसरा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. म्हणूनच नवे प्रकल्प वाढवू नयेत, आहेत त्यांतले प्रश्न बदलावेत. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून शाळेच्या वेळापत्रकातच हाताने करायच्या कामाला जागा करून दाखवली. ते जमते हे सिद्ध करण्याची गरज आता उरलेली नाही.

६. टेबलामागे कोण उभे राहणार?

महाराष्ट्रातल्या विज्ञान प्रदर्शनांत एक चांगली पद्धत आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही: विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांचा आणि प्रयोगशाळा परिचरांचाही वेगळा गट असतो. म्हणजे सामान हाताळणाऱ्या माणसाला टेबलामागे उभे करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. ती शाळेच्या भिंतीबाहेर न्यायची आहे. उघाडी बसवणारा सुतार, होडीचे इंजिन उघडणारा मेकॅनिक, बर्फाच्या कारखान्यातला ऑपरेटर, यांचे टेबल का नसावे? त्यांना भाषण करायला लावू नये. एक बिघडलेली वस्तू त्यांच्यासमोर ठेवावी आणि मुलांना विचारू द्यावे.

परीक्षकांच्या गुणपत्रिकेत दोन रकाने वाढवावेत: 'किती वेळा तपासले' आणि 'कुठे बिघडले, मग काय बदलले'. त्यांना सादरीकरणापेक्षा जास्त गुण असावेत. खर्च तर काहीच नाही.

दिवाळीनंतर तालुक्या-तालुक्यांत प्रदर्शनांचे मांडव पडू लागतील. थळ, उरण, नागोठणे, डोलवी, न्हावा शेवा इथल्या अभियंत्यांना एवढीच विनंती आहे: या वर्षी काचेच्या पेटीतला कारखाना कचेरीतच राहू द्या. भंगारात टाकलेला एखादा गंजका व्हॉल्व्ह आणा, तो ज्याने बदलला त्या फिटरला बरोबर आणा, आणि तो का निकामी झाला हे मुलांनी ओळखेपर्यंत गप्प बसा.